चुडाव्याची माती

गाडीची पुढची सीट सव्वा महिना अंगणात पडून होती, आणि आता तिच्यावर गाभण शेळीने हक्क सांगितला होता. पत्र्याच्या सावलीत, टेकायच्या भागाला पाठ लावून ती अशी ऐसपैस बसायची की सुलाबाई आत्या येता-जाता म्हणायची, "बगा गं, तहसीलदारीण बसली." एका कोपऱ्यातलं रेक्झिन शेळीने चावून काढलं होतं, आतला पिवळा स्पंज बाहेर आला होता. तरी तिला कुणी हाकललं नव्हतं. हाकललं असतं तर सीटचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला असता, आणि दिपालीच्या वडिलांना, मुंजाजी आबांना, तो नको होता.

आज मात्र तो टाळता येणार नव्हता. उद्या चुडाव्याला जायचं होतं. दिपालीच्या मायला, म्हाळसाबाईला, जाऊन सव्वा महिना झाला, म्हणून तिच्या भावाने, परमेश्वरने, दुखवटा काढायला सगळ्यांना गोड जेवायला बोलावलं होतं. आबा, त्यांची थोरली बहीण सुलाबाई, मुलगा बिरदेव, सून प्रियंका आणि नाशिकहून आलेली दिपाली. चालवायला एक, मागे तिघं. पाचव्याने काय डिकीत बसायचं?

"मला बसवा डिकीत," आत्या म्हणाली. "न्हाई तर टपावर. सीटबी टपावर बसूनच आली की घरला."

बोलून गेली, मग जीभ चावून आत निघून गेली.

दिपालीने ती सीट पाहिली होती ती टपावरच. परभणी स्टेशनच्या बाहेर ती बॅग घेऊन उभी होती. नांदेडच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी मायला घरी न्यायला सांगितलं होतं. आबा एकटेच तिला घेऊन निघाले होते; बिरदेव मेंढरांमागे रानात होता, त्याला निरोपही नीट पोचला नव्हता. वाटेत दिपालीला घ्यायचं ठरलं होतं. ठरलेली वेळ टळून गेली, ऊन कलायला लागलं, फोन वाजत राहिला आणि उचलला गेला नाही. मग जुनी पांढरी मारुती आली. इंजिन नुसतं रडत होतं. टपावर दोरीने आवळलेली सीट, पालथी. कुणी तरी बिऱ्हाड हलवायला लागलंय, असं क्षणभर वाटून गेलं. गाडी पुढ्यात थांबली. सवयीने तिने पुढचं डावं दार उघडलं, आत बसायला वाकली, आणि बसायच्या जागी मायचे पाय होते. बोटांत जोडवी होती. टाचा काळ्या मातीत रुतलेल्या.

आबा स्टिअरिंगवरचे हात न काढता समोर बघत म्हणाले, "मागं बस, बाई."

ती मागे बसली. गाव, बोरी, येईपर्यंत मायचं डोकं तिच्या नडग्यांना टेकून होतं.

माणसाने अधांतरी मरू नये, हे त्यांच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. खाटेवर जीव गेला तर तो ना धड वर जातो ना खाली. म्हणून श्वास बदलला की माणसाला भुईवर घ्यायचं. जागा सारवायची, माती हवी, आणि मातीवर पाठ हवी. आबांनी दवाखान्याच्या आवारात सीट काढली ती त्यासाठीच. धावत्या गाडीत भुई कुठून आणायची, तर त्यांनी गाडीचीच भुई केली. गाडी दारात आली तेव्हा आत्याने आत डोकावून पाहिलं आणि रडता रडता आधी भावाच्या तोंडावरून हात फिरवला. गावानेही नाव घेतलं. लोक बसायला येत आणि म्हणत, मुंजाजीनं बायकोचं सोनं केलं. आबा मान खाली घालून ऐकत. मग कुणी तरी विचारी, शुद्धीत होती का हो? आबा म्हणत, "न्हाई. नांदेडातच शुद्ध गेली व्हती."

दिपालीचा सगळा जीव त्या एका वाक्याला टांगलेला होता.

कारण मायला काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं. पोटात गाठ आहे, औषधाने विरघळेल, एवढंच. आबा तेच म्हणत, बिरदेव तेच, परमेश्वरमामा तेच, आणि दिपाली रोज फोनवर तेच. मायही हो हो म्हणायची. अखेरच्या आठवड्यातसुद्धा ती म्हणाली होती, उन्हाळ्यात येते तुझ्याकडं नाशकाला, आन् तुमच्या तिकडच्या द्राक्षांचं एवढं काय ते बघतेच. ती तशीच गेली असेल, द्राक्षांच्या नादात, झोपेत, तर ठीक. पण अंगाखाली माती घातली तेव्हा ती जागी असेल तर? ज्या बाईने स्वतःच्या हाताने सासूला भुईवर घेतलं होतं, तिला त्या मातीचा अर्थ कुणी समजावून सांगायला लागला नसता.

आणि दिपालीला एक गोष्ट माहीत होती, जी आबांना माहीत नव्हती.

"प्रियंका, तहसीलदारणीला उठव," ती म्हणाली.

प्रियंकाने शेळीला मागून ढकललं, मग कान धरला, मग शेंगांचा पाला दाखवला. शेळी पाल्याकडे बघून पुन्हा रवंथ करायला लागली.

"पोटुशी हाय म्हनून नखरे," प्रियंका म्हणाली. "मी पोटुशी असताना मला कुनी गादी दिली व्हती का? इचारा तुमच्या भावाला."

शेवटी दोघींनी सीटच तिरकी केली तेव्हा शेळी उतरली आणि नाराज होऊन खुंट्यापाशी जाऊन उभी राहिली. सीट झाडली. लेंड्या पडल्या, वाळका पाला पडला. प्रियंका भाकरी टाकायला आत गेली. आबांनी गोणीतून पाने आणले, डब्यात ठेवलेले चार बोल्ट आणले. गाडीचं डावं दार उघडलं आणि दोघं सीटच्या रिकाम्या जागेकडे वाकली.

वरची माती त्या दिवशीच मायबरोबर निघाली होती. थोडी तिच्या पाठीला, थोडी लुगड्याला. पण तळाची तशीच होती. काळी माती, पाणी शिंपडलेली आणि नंतर वाळलेली. तिला खपल्या आल्या होत्या, पत्र्याला धरून बसली होती. एका बाजूला लांबट खळगा होता.

"खुरप्यानं काढावं लागंल," आबा म्हणाले आणि त्यांनीच काढायला घेतलं. खाली टाकेनात. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी जमिनीवर अंथरला आणि ढेकळं त्याच्यावर ठेवायला लागले.

आत्या दारातून बघत होती. "ती घरात ठिवू नको हां, मुंजाजी. अन् वावरातबी टाकू नको. राख गंगाखेडला सोडली, तशी हीबी गंगेत सोड."

"उद्या चुडाव्याला नेतो."

"तिथं कशाला?"

आबा खुरपं चालवत राहिले. आत्याने दिपालीकडे पाहिलं, दिपालीने खांदे उडवले. कुठली माती हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सगळे धरून चालले होते की दवाखान्याजवळची असेल.

सीट आत घेतली तर एक रूळ पुढे सरकलेला आणि एक मागे. भोकांवर भोकं येईनात. दिपालीने खालची दांडी वर ओढून धरली, आबांनी गुडघ्याने रेटा दिला, तेव्हा दोन्ही रूळ एका रेषेत आले. आबांनी पहिला बोल्ट लावला. दोन आटे गेला आणि थांबला. त्यांनी पान्याने जोर दिला.

"आबा, थांबा. वाकडा जायलाय. आटे मरतील."

त्यांनी बोल्ट काढला. तिने मोबाइलचा उजेड भोकात धरला. भोक काठोकाठ भरलेलं होतं. चारही तशीच. चिखल होऊन आत उतरलेली माती वाळून सिमेंटासारखी झाली होती. सीट पुन्हा बाहेर आली.

दिपाली आत गेली आणि मायचं दाभण घेऊन आली. पोती शिवायचं लांब दाभण, तुळईच्या फटीत खोचलेलं. नेढ्यात अजून सुतळीचा तुकडा होता. गाडीत गुडघे टेकून ती भोक कोरायला बसली. दाभण फिरवायचं, फुंकर मारायची, निघालेली भुकटी बोटाने रुमालावर टाकायची. आबा दाराच्या उंबऱ्यावर बसून चिंधीने बोल्ट पुसत होते. पुसून झालेला पुन्हा पुसत होते.

मान वर न करता तिने विचारलं, "आबा, माय शुद्धीत होती ना?"

"न्हाई. सांगितलं की तवाच."

"तिच्या मुठीत माती होती."

आबांचा हात थांबला.

"आंघोळ मीच घातली तिला. डावी मूठ उघडत नव्हती. गरम पाणी सोडून एकेक बोट सोडवलं. घट्ट आवळलेली माती होती आत, बोटांचे ठसे उठलेली. शुद्ध नसलेलं माणूस असं धरत नाही, आबा."

खुंट्यापाशी शेळी बारीक ओरडली. आत प्रियंकाची भाकरी थापण्याची पटपट चालू होती. आबांनी बोल्ट डब्यात ठेवला, डबा बाजूला सरकवला.

"दवाखान्यात सीट काढायलो तवा ती बाकड्यावर निजली व्हती. बगायली. म्हन्ली, सीट काऊन काढायलाव? मी म्हन्लं, तुला पाय लांब करून निजाया. म्हन्ली, मागं निजते की. मी काई बोललो न्हाई."

"मग?"

"मंग काय. तिथं माती कुठली, समदं शिमिट. म्हन्लं वाटंत बगू. घोंगडं टाकून निजिवली. चुडावा आला, परमेश्वरच्या वावराचा बांध दिसला. गाडी उभी केली. डिकीत पेंडीचं टोपलं व्हतं, भरून आनलं. तिला एका अंगाला केलं, घोंगडं काढलं, माती टाकली. सारवायला शेन न्हवतं, म्हनून पानी शिपडलं बाटलीतलं."

"ती बघत होती?"

"बगायली."

दिपालीच्या हातातलं दाभण भोकातच होतं. "काय म्हणाली?"

"म्हन्ली, आमच्या वावरातली हाय का? मी व्हय म्हन्लं. म्हन्लं, परमेश्वरला हाक मारू का? तर म्हन्ली, नका, गाव गोळा करंल." आबांनी चिंधीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "अन् म्हन्ली, दिपीला सांगू नका. मला ठावं न्हाई असंच वाटू द्या तिला. लेकरानं लय जपलं."

 मग दिपालीने दाभण फिरवलं. माती निघाली. तिने फुंकर मारली तर ती उलटून डोळ्यात गेली, आणि तिने ते कारण पुरवून वापरलं. पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले.

"घाबरली होती का?"

"न्हाई," आबा लगेच म्हणाले. "निवांत व्हती."

उत्तर इतकं पटकन आलं की तिने पुढे विचारलं नाही.

भोकं मोकळी झाली तशी सीट पुन्हा आत घेतली. या वेळी चारही बोल्ट आधी हाताने लावले, मग आळीपाळीने आवळले. मागचा डावा काही पूर्ण बसला नाही. आटे मघाशीच मेले होते. आबांनी सीट हलवून पाहिली. किंचित वाजत होती.

"एक चक्कर मारून बगू," ते म्हणाले. "उद्या वाटंत निघाली तर?"

दिपाली त्या सीटवर बसली. समोर काच, खाली पायांशी खरवडलेला पत्रा. गाडी गल्लीतून निघून जिंतूरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना तुरीची रानं, कापणी झालेल्या सोयाबीनचे रिकामे पट्टे. सीट खड्ड्याखड्ड्याला टक् टक् वाजत होती. आबांनी दुसरा गिअर टाकला आणि वेग वाढला तरी तो तसाच ठेवला. इंजिन चढत गेलं, रडायला लागलं. स्टेशनसमोर ऐकलेला तोच आवाज तिने ओळखला.

"आबा, गिअर बदला."

त्यांचा डावा हात दांडीवर होता. बदलला नाही.

"आबा."

"तिनं बदलू दिला न्हाई," आबा म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते, त्या दिवशी बघत होते तसेच.

"चुडाव्याहून निघालो, दुसरा टाकला, अन् तिनं खालून हात धरला माझा. ह्यो, दांडीवरच. सोडंच ना. ताकत कुठली आली व्हती काय म्हाईत. निवांत न्हवती, दिपे. खोटं बोललो मी. लय घाबरली व्हती. म्हनायली, मला वर घ्या. खाली गार लागायलंय, मला वर घ्या. मागच्या सीटवर घ्या. येकसारखं. पूर्णा येईस्तोवर म्हनायली, वर घ्या वो, वर घ्या."

सीट वाजली. टक्.

"अन् तुम्ही?"

"मी म्हन्लं, आता घेतो. म्हनत ऱ्हायलो, आता घेतो. आता घेतो." इंजिनाच्या वर त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "वर घेतली अन् तवाच जीव गेला असता तर? लोक काय म्हन्ले असते ते न्हाई. तिचं काय झालं असतं? न्हाई घेतली मी. पूर्णेच्या पुढं हात ढिला झाला. तरीबी गेर बदलायचं झालं न्हाई मला. तसंच आलो परभणीपस्तोर. म्हनून तुला येळ झाला."

समोरून एक टेंपो आला, आबांनी गाडी कडेला घेतली, टेंपो गेल्यावर ती तिथेच बंद पडली. त्यांनी पुन्हा चालू केली नाही. शेजारच्या वावरात कुणी तरी बैलांना शिव्या घालत होतं.

"चुकलं का गं माझं?"

दिपाली पायाखाली बघत होती. सीटखाली आता तो लांबट खळगा नव्हता, पण कुठे होता ते तिला ठाऊक होतं. चुकलं, असं म्हणता आलं असतं. मायने स्वतः असंच केलं नसतं का, आबांना खाली ठेवून, आता घेते आता घेते म्हणत, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींपैकी एकही तिच्या तोंडातून निघेना.

"उद्या गाडी मी चालवते," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही इथं बसा."

आबांनी मान वळवली. "मी न्हाई बसनार तिथं."

"बसा, आबा."

ती उतरली, पुढून वळसा घालून त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. ते लवकर उतरले नाहीत. उतरले ते दार धरून. पण डावीकडे गेले नाहीत. मागचं दार उघडून मागे बसले. घरापर्यंत पुढची सीट रिकामीच वाजत राहिली.

सकाळी बिरदेव आलेला होता, पेडगावच्या रानात मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून. तो पुढे बसायला निघाला तर दिपाली म्हणाली, "तू मागं." तिच्या आवाजात काही तरी होतं, तो मुकाट्याने मागे सरकला. आत्या मध्ये, प्रियंका खिडकीशी. आबा अंगणात उभे होते, मातीची रुमालाची गाठोडी छातीशी धरून. सगळे बसले तरी उभेच होते. शेळी रिकाम्या जागेवर येऊन हुंगून गेली.

"ये की रे," आत्या आतून ओरडली. "का मुहूर्त काढायलास?"

आबा आले. बसले. गाठोडी मांडीवर घेतली. दिपालीने पाहिलं, त्यांनी पाय खाली टेकले नव्हते. चपला काढून, पाय वर घेऊन, सीटवरच मांडी घालून ते बसले होते, लहान पोर एसटीत बसतं तसे.

गाडी निघाली. बोरी मागे पडलं.  आत्याने पुढे वाकून भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"परमेश्वरला सांगते मी आज. म्हन्ते, तुझ्या भैनीचं माझ्या भावानं सोनं केलं. भुईवर नेली. धावत्या गाडीत भुईवर नेली, कुनी करतं का एवढं?"

आबा समोर बघत राहिले. दिपालीही. बिरदेवने मागून नाक ओढलं.

रस्ता सरळ लागला. तिने दुसरा गिअर टाकला, वेग घेतला, आणि तिसरा टाकायला दांडीवर हात ठेवला. आबांचा उजवा हात गाठोडीवरून उठला, तिच्या हाताजवळ आला, हवेत थांबला. तिने वाट पाहिली. इंजिन चढत होतं.

हात परत गाठोडीवर गेला. तिने तिसरा टाकला.